सरांच्या कपाटातल्या सतरा शाली

ताई,

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. आमची एमबीबीएसची १९९५ ची बॅच, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातली. तीस वर्षं झाली म्हणून स्नेहमेळावा ठरलाय आणि त्यात आम्हाला शिकवलेल्या चौदा निवृत्त प्राध्यापकांचा सत्कार करायचाय. समितीचा बेत असा: मोठं हॉटेल, संध्याकाळी सातची वेळ, एक मंत्री प्रमुख पाहुणे, प्रत्येकाला शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि मानपत्र. मानपत्रं लिहायचं काम ‘तुझं मराठी बरं आहे’ म्हणून माझ्या गळ्यात पडलंय. चार ओळींच्या पुढे पेन सरकत नाही.

शिवाय तीन ठिकाणी अडलंय. मेडिसिनचे सर, वय ८१, फोनवर म्हणाले, “शाल नको. कपाटात सतरा आहेत. यायचंच तर एखादी चांगली केस घेऊन या.” समितीला वाटतं हा विनय आहे, आग्रह केला की येतील. फिजिऑलॉजीच्या मॅडमना विसरण्याचा आजार जडलाय. त्यांची मुलगी अजून हो-नाही काही बोललेली नाही. आणि एका सरांचं नाव यादीत दिसताच बॅचमधल्या दोघींनी ‘मग आम्ही येत नाही’ असं ग्रुपवर लिहिलं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ते मुलींना रडवायचे, सगळ्यांसमोर नको ते बोलायचे. समितीतले म्हणतात, जुनं उकरू नका, सर फक्त शिस्तप्रिय होते.

उरलेल्या पैशांतून बायोकेमिस्ट्रीच्या दिवंगत सरांच्या नावे सुवर्णपदक ठेवायचाही विचार आहे. नापास झालेल्या मुलांना ते संध्याकाळी बसवून शिकवायचे. काय करावं?

एक फिजिशियन, पश्चिम महाराष्ट्र

---

डॉक्टर,

मेडिसिनच्या सरांनी तुम्हाला उत्तर देऊन टाकलंय. समितीला ते नकार म्हणून ऐकू आलं, एवढाच घोळ आहे.

एवढं लिहून थांबता आलं असतं, पण सत्कार हा माझा जुना विषय आहे, त्यामुळे जरा लांबेल. मी डॉक्टर नाही. हे सदर लिहायला लागण्यापूर्वी एकतीस वर्षं मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आस्थापना शाखेत होते. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, कार्यालय अधीक्षक म्हणून बाहेर पडले. प्राध्यापकांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात असायची आणि त्यांच्या निरोप समारंभांच्या शाली माझ्या टेबलाखाली.

सरकारी नोकर निवृत्त होतो तो महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ‘मध्यान्होत्तर’. एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या अखेरीला जातो. आणि आपल्याकडे एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेली. त्यामुळे ३१ मे हा आमचा हंगाम. भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी चार-चार, पाच-पाच निरोप. तीन पंखे, एक माइक, त्यात खरखर. डीन ऑफिसातला शिपाई एका ताटात पाच शाली घेऊन उभा, आणि मी मागून कुजबुजतेय, “आधी अॅनाटॉमी, मग ईएनटी.” भाषणं तीच, विशेषणं तीच. एका वर्षी निरोपाचा कागद चुकून दुसऱ्याच सरांसाठी वाचला गेला. पान उलटेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्याही पडल्या.

तेव्हा हसलो आम्ही. पण त्यातल्याच एका सरांची पुढची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. त्यांच्या सेवापुस्तकात जुन्या एका प्रतिनियुक्तीची नोंद राहून गेली होती. त्या प्रतिनियुक्तीच्या गावाहून कागद येईना, आणि कागदाशिवाय निवृत्तिवेतनाचं प्रकरण पुढे सरकेना. सर महिन्यातून दोन-तीनदा यायचे, माझ्या टेबलासमोरच्या लोखंडी खुर्चीत बसायचे. ज्यांच्या राऊंडला रेसिडेंट मागे पळायचे ते सर हातातली पिशवी मांडीवर ठेवून, “बघा ना, काही झालं का?” असं विचारायचे. सत्काराच्या हारांचं बिल त्याच आठवड्यात मंजूर झालं होतं. सरांची फाईल सुटायला वर्ष गेलं. त्या फाईलवर माझीही सही आहे, म्हणून हे सांगायचा मला थोडा हक्क आहे.

आमच्या पॅसेजमध्ये हिपोक्रॅटिसची शपथ फ्रेम करून टांगलेली होती. तुम्ही लोकांनी पदवीच्या दिवशी ती म्हटली असेल; मी ती रोज डबा धुवायला जाताना वाचायचे. फ्रेममध्ये अर्थातच आटोपशीर आवृत्ती होती. मूळ ग्रीक शपथेत देवांची नावं घेऊन झाली की पहिला विषय रुग्णाचा येतच नाही, गुरूचा येतो. ज्याने ही विद्या शिकवली त्याला आईवडिलांसारखं मानीन, माझ्या मिळकतीत त्याला वाटेकरी करीन, त्याला पैशांची गरज पडली तर देईन, त्याच्या मुलांना ही विद्या शिकायची असेल तर मोबदला न घेता शिकवीन. आता मला सांगा, यात हार कुठे आहे? सगळी कलमं रोजच्या जगण्याची आहेत. गुरू म्हातारा होणार, त्याला काही लागणार, ते कोण बघणार, असा तो हिशेब आहे.

म्हणून समितीच्या पुढच्या बैठकीत हॉटेलचा मेनू निघण्याआधी एक वही काढा. चौदा नावं लिहा आणि प्रत्येकासमोर: राहतात कुठे, घरात कोण आहे, मुलं जवळ आहेत की परदेशी, त्यांची साखर आणि रक्तदाब कोण बघतं, मोतीबिंदू झालाय का, रात्री दोनला दुखलं-खुपलं तर ते फोन कोणाला करतील. तुमच्या बॅचमध्ये निदान दीडेकशे डॉक्टर असतील. आणि तरी मी असे सर पाहिलेत, ज्यांनी पिढ्याच्या पिढ्या डॉक्टर घडवले आणि जे ऐंशीव्या वर्षी अनोळखी ओपीडीत केसपेपर हातात धरून रांगेत बसले, कारण ‘विद्यार्थ्यांना कशाला त्रास.’ प्रत्येक गुरुजींमागे त्यांच्या गावातले दोन विद्यार्थी नेमून द्या. नाव आणि मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात छापून फ्रीजवर चिकटवून या. हा सत्कार फोटोत येत नाही, म्हणून समितीत तो सुचत नाही.

मेळावा मात्र घ्याच. मी सत्काराच्या विरोधात नाही, सत्काराच्या घाईच्या विरोधात आहे.

चौदा जणांचा हिशेब मांडून बघा. नाव पुकारून मंचावर आणायला एक मिनिट, मानपत्र वाचायला तीन, शाल-श्रीफळ-फोटोला दोन, सरांच्या मनोगताला पाच. अकरा मिनिटं. गुणिले चौदा म्हणजे एकशे चोपन्न, अडीच तासांच्या वर. त्यात मंत्रिमहोदय सातचे पावणेनऊला येणार, त्यांचं भाषण आधी घ्यावं लागणार आणि ते आरोग्य खात्याच्या योजनांवर असणार. ऐंशीच्या घरातला माणूस रात्री अकराला थंड जेवण पुढ्यात घेऊन बसलेला. मंत्री काढून टाका. त्या दिवसाचे प्रमुख पाहुणे सर आणि मॅडमच आहेत, दुसरे हवेत कशाला?

वेळ सकाळी अकराची ठेवा. संध्याकाळनंतर म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ का वाढतो ते मी तुम्हाला सांगायला नको. मंच नकोच, सरांना पहिल्या रांगेत हाताच्या खुर्च्यांवर बसवा आणि विद्यार्थ्यांनी उठून त्यांच्याकडे जावं. मंचाच्या तीन पायऱ्यांवर मी एका मॅडमना पडताना पाहिलंय, हातात नारळ होता म्हणून कठडा धरता आला नाही. कमोडचं स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, ते कोणीतरी स्वतः जाऊन बघून यावं. फोनवर हॉटेलवाले सगळ्याला हो म्हणतात. ढोल-ताशे आणि डीजे नको. कानाला यंत्र लावलेल्या माणसाला त्या गलक्यात शेजारच्याचं बोलणंही कळत नाही, तो नुसता हसून मान हलवत बसतो. आणायला-सोडायला बॅचमधलंच कोणीतरी जावं, भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर नको. खरं बोलणं गाडीतच होतं.

पत्रिका छापण्याआधी प्रत्येकाला फोन करा. तुम्ही ‘निवृत्त’ म्हणताय त्यातले एक-दोघं कदाचित अजून नोकरीत असतील. सरकारीतून बाहेर पडलेले कितीतरी प्राध्यापक खाजगी महाविद्यालयांत सत्तरीपर्यंत शिकवतात. नियमाने तेवढी मुभा आहे. तिथे त्यांची रोजची हजेरी लागते. तुमचा कार्यक्रम कामाच्या दिवशी असेल तर सत्कारासाठी त्या बिचाऱ्यांची रजा जाईल.

आता मानपत्रं. तुमचं पेन चार ओळींवर का अडतंय ते सांगते. पहिल्या चार ओळींत तुम्ही ‘ज्ञानाचा अथांग सागर’, ‘विद्यार्थ्यांचे दैवत’, ‘हाडाचे शिक्षक’ हे लिहून मोकळे झाला असणार. पुढे लिहिण्यासारखं काही उरतच नाही, कारण एव्हाना त्या मानपत्रात सर उरलेले नसतात. माझी एक साधी परीक्षा आहे. वरचं नाव हाताने झाका. खालचा मजकूर शेजारच्या सरांना चालत असेल तर कागद फाडा.

विशेषणांऐवजी गोष्ट लिहा, तीही वापरात असलेली. मेडिसिनच्या सरांनी कधीतरी सांगितलं असेल की पोटाला हात लावण्याआधी तळहात चोळून गरम कर. तपासताना पोटाकडे बघू नको, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघ. दुखतंय ते आधी तिथे दिसतं. लहान मुलाचा घसा आणि कान सगळ्यात शेवटी बघ, आधी बघशील तर रडून पुढचं काहीच तपासू देणार नाही. ही वाक्यं मी वॉर्डात शिकलेली नाही, पॅसेजमधून फायली नेताना कानावर पडलेली आहेत. तुमच्या बॅचच्या ग्रुपवर एकच प्रश्न टाका: या सरांनी शिकवलेलं काय तुम्ही याच आठवड्यात वापरलंत? याच आठवड्यात, असंच विचारा. ‘आयुष्यात’ म्हटलंत की पुन्हा अथांग सागर येईल. जी उत्तरं येतील ती वापरणाऱ्याच्या नावागावासकट जशीच्या तशी मानपत्रात घाला. कणकवलीत कोण हात गरम करतंय, लातुरात कोण चेहऱ्याकडे बघतंय. सरांना तेच ऐकायचं असतं. शिकवलेलं चालू आहे का, की आपल्याबरोबरच निवृत्त झालं?

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. दिवस भरण्याआधी गर्भपिशवीचं तोंड उघडू नये म्हणून घालायचा टाका त्यांनी १९५५ साली मांडला. त्यांना पद्म किताब मिळाले, पण ते कोणते, असं आज थिएटरमधल्या पोराला विचारलं तर सांगता येणार नाही. ‘शिरोडकर घालायचाय’ म्हटलं की मात्र सिस्टरपासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळ्यांना कळतं. प्रत्येक प्राध्यापकाच्या नावाचा टाका नसतो, हे खरं. पण प्रत्येकाची अशी एखादी लकब, एखादा प्रश्न, एखादी शिवीसुद्धा, विद्यार्थ्यांच्या हाताबोटांत राहिलेली असते. ती शोधणं हे तुमचं काम. प्रीक्लिनिकलवाल्यांच्या, म्हणजे पहिल्या वर्षाचे विषय शिकवणाऱ्यांच्या बाबतीत ते अवघड जातं, म्हणून तिथे जास्त शोधा. अॅनाटॉमीच्या सरांना वाटत असतं की पहिलं वर्ष संपलं आणि मुलं आपल्याला विसरली. एखाद्या सर्जनने त्यांना सांगावं की अमुक नस कुठून वळते ते तुम्ही फळ्यावर रंगीत खडूने काढलेलं अजून डोळ्यांसमोर येतं. बस.

दुसरं, सरांना त्यांच्या नेमणुकांची गावं विचारा. ‘प्रदीर्घ सेवा’ म्हणतात ती सरकारी वैद्यकीय शिक्षणात एका इमारतीत होत नाही. मिरज, अंबाजोगाई, नांदेड, यवतमाळ, धुळे, सोलापूर असा तो रस्ता असतो. बदलीचा आदेश मुंबईहून संचालनालयाकडून यायचा, मुलांची शाळा अर्ध्यात. नव्या महाविद्यालयात मेडिकल कौन्सिलचं इन्स्पेक्शन असलं की तेवढ्यापुरती माणसं इकडून तिकडे. आमच्याकडे त्याला ‘वरात’ म्हणायचे. कुटुंब पुण्यात, सर लॉजवर. तुमच्या बॅचला सर लाभले ते फार तर चार-पाच वर्षं. बाकीची पंचवीस त्यांनी कुठे काढली याची तुम्हाला कल्पनाही नसेल. ती गावं मानपत्रात एका ओळीत लिहा. आणि त्या बदल्यांत घर ज्यांनी उचलून नेलं आणि पुन्हा मांडलं, त्या बाईंना, मॅडमच्या बाबतीत त्या यजमानांना, सरांच्या शेजारी बसवा. मागच्या रांगेत नको.

व्यवसायरोध भत्ता, म्हणजे खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा भत्ता, घेऊन ज्यांनी खरोखर बाहेर प्रॅक्टिस केली नाही, त्यांच्याबद्दल तेही एका ओळीत लिहा. वर्गमित्रांची नर्सिंग होम उभी राहताना बघत स्कूटरवरून वॉर्डात येणं सोपं नव्हतं. अर्थात खरं असेल तरच लिहा. नसेल तर सभागृहात पहिला हशा त्या ओळीला पडेल.

आता सतरा शालींच्या सरांकडे येते. त्यांना आग्रह करू नका. जन्मभर ज्यांनी तुम्हाला ‘पेशंट काय सांगतोय ते ऐक’ म्हणून बजावलं, त्यांचं साधं वाक्य तुम्ही ऐकलं नाहीत, असं होईल ते. त्यांनी केस मागितलीय, केस न्या.

कशी, ते सांगते. मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तुमच्या महाविद्यालयाचा जुना लेक्चर हॉल मागा. डीनना पत्र महिनाभर आधी द्या, इनवर्डचा, म्हणजे पत्र पोचल्याचा, शिक्का घ्या, आणि आठवड्याने स्वतः जाऊन पत्र कोणाच्या टेबलावर आहे ते बघा. खरा पेशंट आणायचा मोह टाळा. तीस जणांच्या करमणुकीसाठी कोणाला स्ट्रेचरवर आणायचं नसतं. तुमच्यातल्या तिघांनी आपापल्या प्रॅक्टिसमधल्या केस मांडायच्या, पेशंटची परवानगी घेऊन, नावगाव काढून. शक्यतो फसलेल्या किंवा उशिरा कळलेल्या. जिंकलेल्या केस सगळेच सांगतात, पण सरांना विचारण्यासारखं काही फसलेल्यांतच असतं. एक्स-रे नुसता स्क्रीनवर नको, फिल्म असेल तर व्ह्यू-बॉक्सवर लावा. सरांच्या डोळ्यांना आणि बोटांना तीच सवय आहे. सर समोर, तुम्ही पन्नाशीचे गृहस्थ टाय लावून उभे. “कम्प्लेंट किती दिवसांची?” पासून सुरू होऊ दे. वेळ ठरवू नका, पाणी जवळ ठेवा. आणि आताच्या एमबीबीएसच्या मुलांना मागच्या बाकांवर बसायला बोलवा. शाल आणलीच असेल तर गाडीत राहू दे.

यात एक धोका आहे, तोही सांगते. सर कदाचित जुनी औषधं सांगतील, गेल्या वीस वर्षांत बदललेलं काही त्यांना माहीत नसेल. तिथे हसू नका आणि सारवासारवही करू नका. “सर, आता असं करतात,” हे त्यांना विद्यार्थ्याकडून ऐकायला आवडेल, असा माझा अनुभव आहे. आमचे एक सर तर अशा वेळी खिशातली छोटी डायरी काढून लिहून घ्यायचे.

फिजिऑलॉजीच्या मॅडमचा निर्णय त्यांच्या मुलीचा आणि जमेल तितका मॅडमचा स्वतःचा. समितीने त्यात पडू नये. मुलगी नाही म्हणाली तर कारण विचारू नका. हो म्हणाली तर हॉलमध्ये न नेता घरी जा. तिघी-चौघींनीच, मॅडमच्या दिवसातल्या बऱ्या वेळी. एकच पथ्य पाळा. आपल्याकडे म्हाताऱ्या शिक्षकांसमोर माणूस उभा राहिला की पहिला प्रश्न येतो, “ओळखलंत का मॅडम?” तो व्हायवा त्यांच्यावर लादू नका. जाऊन आधी स्वतःच सांगा, “मी अमुक, पंच्याण्णवची बॅच, तुम्ही मला बेडकाचा प्रयोग शिकवलात.” दहा मिनिटांनी पुन्हा सांगावं लागलं तर पुन्हा सांगा. मला माहीत आहेत असे एक सर, ज्यांना मुलीचं नाव आठवत नव्हतं पण चहाच्या टेबलावर डावं मधलं बोट सपाट ठेवून उजव्या बोटाने ते ठोकून बघत बसायचे, छाती तपासल्यासारखं. तुमच्या मॅडमच्या बाबतीत असं काही होईलच असं नाही. ते बघायला मिळेल या आशेने तर जाऊच नका. त्यांचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

आता ते तिसरे सर. इथे मी समितीचं ऐकून घेणार नाही. ‘शिस्तप्रिय’ या शब्दाने मराठी मानपत्रांत कशाकशावर पांघरूण घातलंय, ते मी टाइप केलंय, मला माहीत आहे. कडक असणं वेगळं. वेळेवर आला नाहीस तर बाहेर उभा राहा, हिस्टरी, म्हणजे पेशंटची हकिकत, नीट घेतली नाहीस तर पुन्हा घेऊन ये, ही शिस्त. परीक्षकाच्या खुर्चीतून एखाद्या मुलीला सगळ्यांसमोर नको ते बोलायचं, आणि तिला उत्तर देता येत नाही कारण मार्क त्याच हातात आहेत, हा दुसराच प्रकार. तीस वर्षांनी दोघी बायका उघड लिहितात की आम्ही येत नाही, तेव्हा त्या जुनं उकरत नसतात. ते त्यांच्यापुरतं कधी पुरलंच गेलं नव्हतं. डॉक्टरांच्या आधुनिक शपथेत, म्हणजे जिनिव्हा घोषणेत, १९४८ साली ‘गुरूंना त्यांच्या हक्काचा आदर आणि कृतज्ञता देईन’ एवढंच होतं. २०१७ मध्ये ते वाक्य वाढवून त्यात सहकारी आणि विद्यार्थीही घातले गेले. आदर एकाच दिशेने चालत नाही, हे जगभरच्या डॉक्टरांना कळलं. तुमच्या समितीलाही कळायला हरकत नाही.

सरांचं नाव सार्वजनिक सत्काराच्या यादीतून काढा. जाहीर फटकारायची गरज नाही, कारणं छापायची नाहीत. ज्यांना त्यांच्याकडून चांगलं मिळालंय, तेही कोणी असतील, त्यांनी आपापले घरी जाऊन भेटावं. आणि त्या दोघींना समितीतल्या कोणी नव्हे, तुम्ही स्वतः फोन करा. समजूत घालायला नको, फक्त नाव काढलं एवढं सांगायला. त्या आल्या तर आल्या.

सुवर्णपदकाचं गणित थोडक्यात. एक लाखाची ठेव, सात टक्के व्याज, वर्षाला सात हजार. सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलंय, म्हणजे त्यात एक ग्रॅमही येत नाही. जुन्या देणग्यांची अशी कितीतरी पदकं मी पाहिलीत, दात्याच्या हयातीत सोन्याची, मग चांदीवर मुलामा, मग पितळ, मग नुसतं प्रमाणपत्र. शिवाय पदक जाणार पहिल्या आलेल्याला. तुमच्या सरांनी संध्याकाळ घालवली ती ऑड बॅचच्या, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेल्या पोरांसाठी. मग पैसेही त्यांच्याचसाठी ठेवा. पहिल्या वर्षी अडकलेल्या दोन-तीन मुलांची पुन्हा बसण्याची परीक्षा फी आणि मेसचे सहा महिने, सरांच्या नावाने, गाजावाजा न करता. हे माजी विद्यार्थी संघटनेकडून करा, आणि संघटना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का ते आधी बघा. नोंदणी न करता गोळा केलेल्या पैशावरून चांगल्या चांगल्या बॅच तुटलेल्या मी पाहिल्यात. त्या सरांच्या घरी कोणी असेल तर मानपत्र तिथेही न्या. दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली की काम झालं, असं मानू नका.

हो, आणि यादीत चौदा प्राध्यापक आहेत, पण डिसेक्शन हॉलचे मामा नाहीत, वॉर्डाच्या मावशी नाहीत. पहिल्या दिवशी फॉर्मलिनच्या वासाने गरगरलेल्यांना बाहेर नेऊन पाणी कोणी पाजलं होतं ते ग्रुपवर विचारा. नाव निघेल.

आज एवढंच करा. मॅडमच्या मुलीला फोन, त्या दोघींना फोन, आणि तिसरा मेडिसिनच्या सरांना. त्यांना फक्त विचारा, केस किती वाजता आणू? पहिली केस तुम्हीच मांडा. हिस्टरी पाठ करून जा डॉक्टर, व्यवसाय आणि राहण्याचं गाव सांगायला विसरलात तर सर तिथेच अडवतील.